सोळावे रीळ

रविवारी दुपारी एक वाजून तीन मिनिटांनी वीज आली आणि पुंडलिकरावांनी भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यात पहिली खूण केली. तक्ता आलेखाच्या कागदावर, पट्टी लावून, टोकदार पेन्सिलीने आखलेला होता. वीज येण्याची वेळ एक, जाण्याची चार. चित्रपटाची लांबी दोन तास चाळीस मिनिटे, तबकडी उलटण्यास दोन मिनिटे, चहास पाच आणि ‘अनपेक्षित कारणे’ या सदराखाली तेरा. वीज तीन मिनिटे उशिरा आल्यामुळे त्यांनी खोडरबराने तेराचे दहा केले, फुंकर मारून रबराचा चुरा उडवला आणि मगच प्लेअरचे बटण दाबले.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षे तारतंत्रीचे वर्ग घेतलेल्या माणसाने याहून कमी तयारी केली असती तर तो त्याच्या शिक्षणाचा अपमान ठरला असता. शिवाय हा चित्रपट साधा नव्हता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी पुंडलिकरावांनी तो पंधरा रिळांपर्यंत पाहिला होता. रिळे होती सोळा.

त्याचे असे झाले होते. तंत्रनिकेतनात प्रवेश मिळण्यापूर्वी एक वर्ष पुंडलिकराव रिळे वाहत असत. तुमसरातले टॉकीज आणि पाच किलोमीटरवरच्या तुमसर रोड स्टेशनाजवळ, देव्हाडीला, लागलेले तंबूतले टॉकीज या दोघांत मिळून चित्रपटाची एकच प्रत होती. तुमसरात खेळ सहाला सुरू होई. चार रिळे संपली की ती डब्यात घालून, सायकलला बांधून देव्हाडीला पोचवायची, परत येऊन पुढची चार न्यायची. तुमसरात सोळावे रीळ पडद्यावर असे तेव्हा पुंडलिकराव वाटेत असत. तेच रीळ देव्हाडीला लागण्याची वेळ येई तेव्हा तुमसरच्या रात्रीच्या खेळासाठी पहिली रिळे घेऊन ते उलट वाटेला लागलेले असत. बाकीची पंधरा त्यांनी तीन आठवड्यांत, तंबूच्या कनातीला टेकून, तुकड्यातुकड्याने गोळा केली. पंधरावे रीळ संपे तेव्हा नदीवर धुके पसरलेले असे. एक नावाडी कंदील उंच धरून घाटावर उभा असे. सात वर्षांपूर्वी पैलतीरी गेलेल्या तिची तो वाट पाहत असे आणि धुक्यातून एक नाव येताना दिसे. नावेत कोणीतरी बसलेले असे.

कोण, हे पुंडलिकरावांना ठाऊक नव्हते. चवथ्या आठवड्यात चित्रपट बालाघाटकडे गेला तो पुन्हा इकडे फिरकलाच नाही.

शेवट विचारून घेणे सोपे होते, परंतु पुंडलिकरावांनी ठरवले की शेवट पाहीन तर डोळ्यांनीच. पाच वर्षांनी लग्न झाले. वधू देव्हाडीला रेल्वेचे रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनची मुलगी निघाली आणि तिने तो चित्रपट तंबूत सात वेळा पाहिला होता. तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्याकडून वचन घेतले.

“शेवट सांगजो नको. काहीबी झालं तरी.”

“नाई सांगत,” रत्नाबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी वचन छत्तीस वर्षे पाळले. पण वचन म्हणजे हत्यारही असते, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले होते. “सांभार आणता का शेवट सांगू?” एवढे म्हटले, की पुंडलिकराव पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला बाजाराची वाट धरीत. पंखा दुरुस्त व्हायचा असो, माहेरी जायचे असो, किंवा रात्री घोरणे थांबवायचे असो, नावाडी कामाला येई.

आणि आता पुतण्या कैलाशने नागपूरच्या एका जुने चित्रपट जमवणाऱ्या गृहस्थाकडून त्याची, दोन्ही बाजूंनी भरलेली तबकडी मिळवली होती. गृहस्थाने ती एका दिवसापुरतीच दिली होती. रविवारी सकाळी, वीज गेल्यावर, गोंदियाला जाताना कैलाश ती देऊन गेला होता. त्याच संध्याकाळी पाच चाळीसच्या पॅसेंजरने परतताना तो तुमसर रोडला दारात उभा राहणार होता आणि गाडी दोन मिनिटे थांबते तेवढ्यात तबकडी त्याच्या हातात द्यायची होती. गृहस्थ पुन्हा देणार नव्हता, हे कैलाशने दोनदा बजावले होते.

म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

ही गोष्ट पुंडलिकरावांनी कोणालाही सांगितली नव्हती. तरीही पहिले गाणे सुरू होण्यापूर्वी दारात भैय्यालाल उभे होते. भैय्यालाल हे त्या तंबूतल्या टॉकीजचे एकेकाळचे दारवान. पुंडलिकरावांचे जुने स्नेही आणि एक्केचाळीस वर्षांपासूनचा धोका.

“का बे पुंडलिक! येकटाच पाहून राहिला? आन् मले सांगतलंबी नाई?”

“तुले कोणं सांगतलं?”

“वहिनीनं बेबीबाईले सांगतलं. बेबीबाईनं साऱ्या मोहल्ल्याले सांगतलं. शेवट तं काय जबरदस्त आहे, पुंडलिक! तो नावाडी…”

“भैय्यालाल!” पुंडलिकरावांनी कानांत बोटे घातली. “बसाचं असन तं तोंड बंद करून बस.”

“बसतो ना. चहा तं मिळन?”

तक्त्यात चहाची पाच मिनिटे मध्यंतरात होती. पुंडलिकरावांनी हाताने खूण करून भैय्यालालना सतरंजी दाखवली आणि पडद्यावरच्या नदीकडे वळले. तीच नदी, तोच घाट. चित्र थोडे थरथरत होते, जसे तंबूत वाऱ्याने पडदा हलल्यावर थरथरे. पुंडलिकरावांच्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या. रीळ संपत आले, की अजूनही निघण्याची वेळ झाली असे त्यांना वाटत होते.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी अंगणात आवाज आला, “आहेत का घरी व्याही?”

पुंडलिकरावांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. एकोडीहून हिरालालजी आले होते, मुलीचे सासरे. पाहुणा कोणीही असता तर त्याला सतरंजी दाखवता आली असती. व्याह्याला नाही. व्याही आला की उठावे लागते, “जयभीम, या या” म्हणावे लागते, पाय धुवायला पाणी द्यावे लागते, खुर्ची पुसून पुढे करावी लागते आणि शेतापासून म्हशीपर्यंत सर्वांची विचारपूस करावी लागते. मुलगी त्यांच्या घरी नांदत असते; तिच्या सुखापुढे सोळावे रीळ ते काय! पुंडलिकरावांनी चित्रपट थांबवला.

“काही नाई, तांदूळ आणला होता थोडासा,” हिरालालजी खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. “नवा हाये. तुमच्या नातवाची तब्येत बरी हाये. म्हैस व्याली. हे काय, शिनेमा पाहून राहिले वाटते?”

“हो. जुना आहे. असाच आपला.”

“जुना? वा! मंग लावा ना. पन सुरूपासून लावा हो. मधातून पायलेला शिनेमा आन् मधातून आयकलेलं भांडन, मले काहीच समजत नाई.”

भैय्यालाल सतरंजीवरून खुदकन हसले. स्वयंपाकघराच्या दारातून रत्नाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. त्या नजरेत मुलीचे सबंध सासर सामावलेले होते.

पाणी, विचारपूस आणि आगाऊ चहा आटोपून एक सदतीसला चित्रपट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुंडलिकरावांनी तक्त्याच्या समासात हिशेब मांडला. एक सदतीस अधिक दोन तास चाळीस, म्हणजे चार सतरा. तबकडी उलटणे धरून चार एकोणीस. एकोणीस मिनिटांची तूट. ती भरून काढण्याचा एकच मार्ग होता. चित्रपटात सात गाणी होती आणि प्रत्येक गाणे चार मिनिटांचे. पाच गाणी पुढे ढकलली की झाले.

पहिल्या गाण्याला त्यांनी रिमोट उचलताच हिरालालजी कळवळून म्हणाले, “अजी व्याही, गानं काहून पयवता? गान्यासाठीच तं जुना शिनेमा पाहाचा अस्ते.”

“नाही नाही, बोट लागलं चुकून.”

त्यानंतर पुंडलिकरावांचे लक्ष नावाड्यावर कमी आणि व्याह्यांवर जास्त राहिले. हिरालालजी तंबाखू थुंकायला अंगणात गेले तेव्हा एक गाणे उडाले. ते हातपाय धुवायला गेले तेव्हा दुसरे उडाले. तिसऱ्याच्या वेळी पुंडलिकरावांनी स्वतःहून विचारले, “व्याही, तंबाखू?”

“नाई, बस झाला आता.”

“पाणी घेता आणखी?”

“तुमी मले सारखे सारखे उठवून काहून राहिले?” हिरालालजींनी निरागसपणे विचारले, आणि तो मार्ग बंद झाला.

आठ मिनिटे वाचली होती. शेवट आता चार वाजून अकरा मिनिटांनी येणार होता आणि वीज चारला जाणार होती. एरवी कधी दहा मिनिटे उशिरा जाणारी वीज आजही तशीच उशिरा जाईल, या एका आशेवर पुंडलिकराव बसून राहिले. तबकडी उलटून घातली. विरह झाला. सात वर्षे झाली. नदीवर धुके उतरले, नावाड्याने कंदील उंच केला, धुक्यातून नावेचे टोक दिसले…

चार वाजले. वीज गेली. सेकंदकाट्याशी जुळवून गेली.

मग भैय्यालाल घसा साफ करून म्हणाले, “सांगून देऊ का आता?”

“नको!” पुंडलिकराव इतक्या मोठ्याने ओरडले की हिरालालजी खुर्चीत सावरून बसले.

“मंग करता काय?” रत्नाबाई म्हणाल्या. “लाइट आठले येते. गाडी पाच चाळीसची. आन् ते डीवीडी तं आतच अटकली.”

हे पुंडलिकरावांच्या ध्यानातच आले नव्हते. विजेशिवाय प्लेअरचा कप्पा उघडत नव्हता. म्हणजे शेवट राहिला बाजूला, दुसऱ्याची वस्तू परत करण्याचेही वांधे झाले होते. त्यांनी दोन मिनिटे डोळे मिटले. संस्थेत मोटर बंद पडली की ते असेच डोळे मिटून तार कुठून कुठे जाते ते मनात आखत.

“स्टेशनकडची लाइन वेगळी आहे,” त्यांनी डोळे उघडले. “तिकडं भारनियमन सकाळी असते. भैय्यालाल, तुझी रीता देव्हाडीलेच राह्यते ना? टीवी आहे तिच्याकडं?”

“आहे ना. पन जाशीन कसा? आटोत तं आपन चौघंबी मावत नाई.”

पुंडलिकराव तोपर्यंत अंगणात गेले होते. भिंतीला टेकलेल्या सायकलच्या कॅरिअरवर त्यांनी घडी घातलेली चादर ठेवली, तीवर प्लेअर ठेवला आणि ट्यूबच्या रबरी पट्टीने आडवे दोन, उभे दोन असे वेढे दिले. गाठ डावीकडे मारली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ते डब्यांना अशीच मारीत.

“तुमी आटोनं या,” ते म्हणाले आणि टांग टाकून निघाले.

तुमसरहून देव्हाडीची वाट आता डांबरी झाली होती. राइस मिलचा कोंडा हवेत तसाच तरंगत होता. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाची खुंटे तशीच उभी होती. पूर्वी ही वाट वीस मिनिटांची असे. आज वय एकसष्ट, डावा गुडघा दुखरा, वारा समोरून. पस्तीस मिनिटे लागली. अर्ध्या वाटेवर एक आटो त्यांना ओलांडून गेला. त्यातून रत्नाबाईंनी डोके बाहेर काढून पाहिले, आणि किती वर्षांत पाहिले नव्हते असे त्या पाहत राहिल्या. पुंडलिकरावांनी घंटी वाजवली. रिळे घेऊन तंबूपाशी पोचले की ते अशीच वाजवीत, दोनदा लांब आणि एकदा आखूड.

रीताच्या घरी टीव्ही होता, वीजही होती. अडचण टीव्हीच्या पाठीमागे होती. तिच्या मुलाने आवाजाच्या पिनेचे भोक चमच्याने केव्हाच मोडून टाकले होते आणि चित्राची पिन इतकी सैल होती की बोट सोडताच पडद्यावर मुंग्या येत.

“पेचकस दे, रीता. पंधरा मिनिटांत खोलून करतो.”

“काका, पाच वाजले,” रीता म्हणाली. “तुमची गाडी पाच चाळीसची ना?”

भैय्यालालनी पिन धरून पाहिली. चित्र उभे फिरू लागले. हिरालालजींनी धरावी असे सुचवणे शक्यच नव्हते. रीताने धरली, तर चित्र हिरवे झाले. अखेर तीस वर्षांच्या सवयीच्या अंगठ्याने पुंडलिकरावांनी पिन किंचित वर, किंचित डावीकडे दाबली आणि चित्र काचेसारखे स्थिर झाले. अंगठा हलला की गेले.

“हलू नको!” सर्व एकदम ओरडले.

“अरे, पण मी पाहू कसा?”

रीताने नवऱ्याचा दाढीचा आरसा आणून समोरच्या खिळ्याला टांगला. तंतोतंत कोन जुळला. आरशात घाट दिसला, कंदील दिसला. तेवढ्यात हिरालालजींनी आपली खुर्ची बरोबर आरशापुढे आणून मांडली आणि त्यात ऐसपैस बसले. व्याह्यांना ‘सरका’ म्हणायचे कसे? पुंडलिकरावांनी एकदा तोंड उघडले. रत्नाबाईंच्या डोळ्यांत पुन्हा मुलीचे सासर दिसले. त्यांनी तोंड मिटले.

रीताने रिमोटने चित्रपट पळवत पळवत धुक्यापर्यंत आणला. पंधरावे रीळ संपले. पडदा क्षणभर काळा झाला. आणि त्या काळ्या क्षणात भैय्यालाल अचानक ताठ उभे राहिले, दाराशी गेले आणि खणखणीत आवाजात ओरडले, “चला, आधी बाया! बायांनो, चला!”

रत्नाबाई पदर सावरून उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या. दोन पावले गेल्यावर त्या थबकल्या.

“कुठं चालली?” टीव्हीमागून पुंडलिकरावांनी विचारले.

“अं? काही नाई. हे ओरडले ना…”

“ओरडले म्हणून काय झालं? शेवटचं रीळ आहे!”

“सवय ना, पुंडलिक,” भैय्यालाल ओशाळून हसले. “तंबूत सोळावं रीळ लागाच्या आधीच आमी बाया भायेर काढत होतो. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यायची अटच होती, मानसं सुटाच्या आधी बाया घरी पोचल्या पायजे. मी कंदील घेऊन त्यायले फाटकापावतर सोडून देत होतो.”

पुंडलिकरावांचा अंगठा हलला. पडद्यावर मुंग्या आल्या.

“रत्ना,” ते सावकाश म्हणाले, “म्हणजे तू शेवट…”

रत्नाबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

“नाई पायला. सातबी वेळा नाई.”

“मग छत्तीस वर्षं मले कशाचा धाक दाखवला?”

“तुमी लगन झाल्या झाल्या हात जोडून म्हनलं, शेवट सांगू नको. मले वाटलं, या मानसाले माह्याजवळचं काहीतरी पायजे आन् तेच नको आहे. मंग कसं सांगू, का माह्याजवळ नाईच म्हनून?” त्यांनी दाराकडे पाहिले. “फाटकापाशी उभी राहून आयकत होती मी. तंबूतून नुसता बाजा आयकू ये.”

“आणि तू बे?” पुंडलिकराव भैय्यालालकडे वळले. “तू तर जन्मभर…”

“मी कंदील घेऊन फाटकावर, पुंडलिक. परत ये तवा मानसं चपला शोधत राहत.” भैय्यालालनी नजर खाली वळवली. “तू कान झाकत होता ना, तं मजा वाटे.”

“अंगठा दाबा हो व्याही,” हिरालालजी म्हणाले. “मुंग्या दिसून राहिल्या.”

पुंडलिकरावांनी अंगठा दाबला. रत्नाबाई टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या, इतक्या जवळ, की पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. आवाज नव्हता. पुंडलिकरावांच्या वडिलांनी तरुणपणी बाजारच्या तंबूत मूकपट पाहिले होते, ते म्हणत, “बोलपट आले आन् मानसं डोयानं बोलाची बंद झाली.” पुंडलिकरावांना हे वाक्य कधी पटले नव्हते.

आता पाहायला दुसरे काही नव्हते, म्हणून ते रत्नाबाईंचा चेहरा पाहत राहिले. आधी तो नुसता ताणलेला होता. मग ओठ किंचित उघडले. हात तोंडावर गेला. नाव जवळ येत असावी. भुवया वर गेल्या, एकदम खाली आल्या, डोळे भरले, आणि नेमके तेव्हाच, भरल्या डोळ्यांनी, त्या हसल्या. ते हसू पुंडलिकरावांनी यापूर्वी एकदाच पाहिले होते, मुलगी जन्मली त्या दिवशी. दाराशी उभे असलेले भैय्यालाल टोपी काढून डोळे पुसत होते. हिरालालजी घोरत होते.

अंगठ्यातून कळ मनगटापर्यंत चढली, परंतु अंगठा लोखंडासारखा स्थिर राहिला. उजेड विझला तेव्हा पाच छत्तीस झाले होते.

कप्पा उघडून तबकडी काढली, पिशवीत घातली आणि नवराबायको फलाटावर अक्षरशः पळत गेले. पॅसेंजर आली. कैलाश दारात होता.

“काका, पाह्यला का शेवट? कसा आहे?”

“चांगला आहे,” पुंडलिकराव म्हणाले. गाडी तबकडी घेऊन निघून गेली.

फलाटावर दोघेच उरली. शेवटचा डबा दिसेनासा झाला. मग रत्नाबाईंनी हळूच विचारले, “सांगू?”

पुंडलिकरावांनी दुखरा अंगठा दुसऱ्या हाताने चोळला. विचार करायला त्यांना सहसा कागद लागे. आज लागला नाही.

“नको,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीवरचा तक्ता काढत होते. आतून आवाज आला, “अवो, सांभार आणता का शेवट सांगू?”

छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या धमकीत काही तथ्य होते. पुंडलिकराव एका पायात चप्पल घालूनच पिशवीसह अंगणात पोचले.